एका तारखेच्या अनेक सुट्ट्या : १ मे, शिकागो आणि मुंबईचा रविवार

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली रूपं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय आहे वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक सुट्ट्या. विषय एवढा पसरट आहे की तासाभरात जगातल्या सगळ्या सुट्ट्यांची यादीसुद्धा वाचून होणार नाही. म्हणून मी एकच तारीख घेतली आहे. तुमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असेल. मे महिन्याचं पान उघडलं की पहिल्याच चौकटीत दोन नावं दिसतात : महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. शाळेत झेंडावंदन असतं, बँका बंद असतात, उन्हाळा असतो, आंबे असतात. सुट्टी कशाची हे विचारायची वेळ सहसा येत नाही.

पण हीच तारीख घेऊन जरा जगभर फिरून आलो, तर एक गंमत दिसते. फ्रान्समध्ये या दिवशी लोक एकमेकांना पांढऱ्या फुलांची डहाळी देतात. जर्मनीत मोर्चे निघतात. रशियात या दिवसाचं नाव आहे वसंत आणि श्रम यांचा सण. आणि ज्या अमेरिकेत या तारखेचा जन्म झाला, तिथे १ मेला सुट्टीच नाही! तिथला कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. न्यूझीलंडचा ऑक्टोबरमध्ये. ऑस्ट्रेलियात तर प्रत्येक राज्याचा वेगळा. जपानमध्ये २३ नोव्हेंबर.

हे असं का झालं? एका मागणीतून निघालेला दिवस इतक्या ठिकाणी इतका वेगवेगळा का झाला? आज आपण हे बघू. आणि शेवटी मुंबईत येऊ, कारण १८९० साली युरोपातले कामगार पहिला मे दिन साजरा करत होते, त्याच सुमारास आपल्या मुंबईत गिरणी कामगार एक वेगळीच सुट्टी मागत होते. ती म्हणजे रविवार.

आठ तासांची मागणी

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. सुट्टी आणि कामाचे तास हे दोन विषय वेगळे नाहीत. शेतीच्या जगात कामाला ऋतू होते, सण होते, अमावस्या होत्या. पाऊस पडला की पेरणीची घाई, सुगी संपली की जत्रा. कारखाना आला आणि हे सगळं मोडलं. यंत्राला ना अमावस्या, ना पौर्णिमा. मालकाने यंत्रात पैसा घातलेला, त्यामुळे ते जितका वेळ चालेल तितकं बरं. दिवसाला बारा, चौदा तास काम ही इंग्लंडमध्ये सर्रास गोष्ट होती, आणि त्यात मुलंही होती.

ब्रिटनमधले कारखानदार आणि समाजवादी विचारवंत रॉबर्ट ओवेन यांनी १८१७ च्या सुमारास एक साधा हिशोब मांडला. दिवसाचे चोवीस तास. त्यातले आठ कामाला, आठ झोपेला आणि आठ स्वतःला. तिसरी पायली महत्त्वाची बरं का. झोप ही मालकाच्याही फायद्याची असते, कारण थकलेला माणूस नीट काम करत नाही. पण ते ‘स्वतःचे’ आठ तास कुणाच्याच फायद्याचे नव्हते, कामगाराशिवाय. वाचायला, मुलाबाळांत बसायला, सभेला जायला.

ही मागणी पहिल्यांदा ठसठशीतपणे पदरात पाडून घेतली ती ऑस्ट्रेलियातल्या पाथरवटांनी. २१ एप्रिल १८५६ रोजी मेलबर्नमध्ये विद्यापीठाच्या इमारतीवर काम करणाऱ्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि संसदेच्या इमारतीकडे चालत निघाले. वाटेतल्या बांधकामांवरचे कामगारही सामील झाले. त्यांना आठ तासांचा दिवस मिळाला, तोही मजुरी न कापता. सोन्याच्या खाणींमुळे तिथे कुशल कामगारांचा तुटवडा होता, त्यामुळे मालकांना अडून बसणं परवडणारं नव्हतं. न्यूझीलंडमध्ये तर त्याच्याही आधी, १८४० साली, सॅम्युएल पार्नेल नावाच्या सुताराने वेलिंग्टनला काम घेतानाच अट घातली होती की आठ तासांच्या वर करणार नाही. तिथल्या ऑक्टोबरमधल्या कामगार दिनाचं मूळ या सुतारापर्यंत नेलं जातं.

म्हणजे बघा, या दोन देशांचे कामगार दिन १ मेला का नाहीत याचं उत्तर सोपं आहे. त्यांची गोष्ट शिकागोच्या आधीची आहे. त्यांना उसनी तारीख लागली नाही.

शिकागो, १८८६

आता शिकागो. अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या एका महासंघाने १८८४ मध्ये ठराव केला की १ मे १८८६ पासून कायदेशीर कामाचा दिवस आठ तासांचा मानला जाईल. हीच तारीख का? तिथल्या अनेक शहरांत भाडेकरार आणि कामाचे करार बदलण्याचा तो रूढ दिवस होता. त्या दिवशी देशभरात सुमारे तीन लाख कामगारांनी काम बंद ठेवलं असं मानलं जातं. शिकागो हे या चळवळीचं सगळ्यात मोठं केंद्र. शेती-यंत्रांचे कारखाने, कत्तलखाने, रेल्वे, आणि जर्मनीतून आलेले हजारो कामगार.

१ मेचा दिवस शांततेत गेला. ३ मेला मॅकॉर्मिकच्या यंत्र कारखान्यापाशी संपकरी आणि बदली कामगार यांच्यात मारामारी झाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. त्याचा निषेध म्हणून ४ मेच्या संध्याकाळी हेमार्केट चौकात सभा ठरली. शहराचे महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेला जाऊन आले, सगळं शांत आहे म्हणाले आणि घरी गेले. पाऊस यायला लागला, गर्दी पांगायला लागली. शेवटचा वक्ता भाषण संपवत होता, आणि तेवढ्यात पोलिसांची मोठी तुकडी आली. सभा बंद करा असा हुकूम झाला. त्या क्षणी कुणीतरी पोलिसांवर बॉम्ब फेकला. पोलिसांनी अंदाधुंद गोळ्या झाडल्या. सात पोलीस मेले आणि निदान चार नागरिक.

बॉम्ब कुणी टाकला? हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. पण आठ जणांवर खटला चालला. त्यातले बहुतेक बॉम्ब पडला तेव्हा चौकात हजरही नव्हते. त्यांच्या भाषणांनी आणि लिखाणाने बॉम्ब टाकणाऱ्याला चिथावणी दिली, असा आरोप होता. सात जणांना फाशीची शिक्षा झाली. दोघांची शिक्षा जन्मठेपेवर आली, एकाने तुरुंगात स्वतःचा जीव घेतला, आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फासावर चढवलं : अल्बर्ट पार्सन्स, ऑगस्ट स्पाइस, अडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल. सहा वर्षांनी, १८९३ मध्ये, इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन अल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना माफी दिली आणि खटलाच न्याय्य नव्हता असं लेखी सांगितलं. या निर्णयाची राजकीय किंमत त्यांना मोजावी लागली.

त्या चौकातल्या स्मारकाचीही एक गोष्ट आहे. १८८९ मध्ये तिथे पुतळा उभारला गेला, तो पोलिसाचा. बॉम्बने मेलेल्या पोलिसांच्या स्मरणार्थ. १९६९ आणि १९७० मध्ये तो दोनदा स्फोटाने उडवला गेला. शेवटी तो तिथून हलवावा लागला. कामगारांचं स्मारक शहराबाहेरच्या वॉल्डहाइम दफनभूमीत, १८९३ सालचं. मूळ जागी घटनेचं स्मारक यायला २००४ साल उजाडलं. म्हणजे एकशे अठरा वर्षं त्या शहराला ठरवता येईना की इथे आठवण कुणाची ठेवायची.

पॅरिसचा ठराव आणि एक व्यावहारिक अडचण

१८८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीला शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने जुलैमध्ये पॅरिसला समाजवादी पक्षांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे ठराव झाला की सगळ्या देशांत एकाच दिवशी आठ तासांच्या मागणीसाठी निदर्शनं करायची. अमेरिकन संघटनांनी १ मे १८९० ही तारीख आधीच ठरवली होती, तीच घेतली. गंमत अशी की ठराव फक्त एकदाच करायच्या निदर्शनाचा होता. दरवर्षीचा सण करण्याची त्यात कल्पना नव्हती. पण प्रतिसाद इतका मोठा आला की पुढे तो दरवर्षीचा झाला.

आता अडचण काय आली बघा. १ मे १८९० ला वार होता गुरुवार. गुरुवारी मोर्चाला जायचं म्हणजे कामावर खाडा, म्हणजे मजुरी बुडणार, आणि कदाचित नोकरीही जाणार. लंडनमधल्या संघटनांनी काय केलं? त्यांनी मोर्चा रविवारी, ४ मेला काढला, हाइड पार्कमध्ये. प्रचंड गर्दी झाली. फ्रान्समधल्या कार्यकर्त्यांना हे पटलं नाही. सुट्टीच्या दिवशी सभा घेण्यात कसली ताकद? कामाच्या दिवशी काम थांबवलं तर त्याला अर्थ. हा वाद पुढे अनेक वर्षं चालला.

मला हा वाद फार महत्त्वाचा वाटतो. कारण त्यात एक कळीचा मुद्दा आहे. मे दिन सुरू झाला तेव्हा तो सुट्टीचा दिवस नव्हता. तो कामावर न जाण्याचा दिवस होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक मिळते, दुसरी घ्यावी लागते आणि तिची किंमत मोजावी लागते.

ती किंमत किती असते, हे पुढच्याच वर्षी दिसलं. १ मे १८९१ ला उत्तर फ्रान्समधल्या फुर्मी नावाच्या कापड गिरण्यांच्या गावात कामगार जमले. सकाळी पकडलेल्या साथीदारांना सोडा, एवढी संध्याकाळची मागणी. सैनिकांनी गोळीबार केला. नऊ जण मेले. बहुतेक अगदी तरुण, त्यात मारिया ब्लाँदो नावाची अठरा वर्षांची गिरणी कामगार मुलगी. फ्रान्समध्ये मे दिनाच्या आठवणींत शिकागोइतकंच फुर्मी आहे.

सरकारं सुट्टी देतात तेव्हा

आता गोष्टीचा दुसरा भाग. पन्नास वर्षांच्या आत हाच दिवस सरकारी सुट्टी झाला. पण कुठे, कधी आणि कुणी केला हे बघितलं की डोकं चक्रावतं.

अमेरिकेपासून सुरू करू. तिथे न्यूयॉर्कच्या कामगारांनी १८८२ च्या सप्टेंबरमध्ये मिरवणूक काढली होती, सहलीसारखी, बँड लावून. १८९४ मध्ये पुलमन रेल्वे डब्यांच्या कारखान्यात मोठा संप पेटला. संप चालू असतानाच, २८ जूनला, राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगार दिनाची सुट्टी म्हणून मंजूर केला. आणि मग काही दिवसांतच तो संप मोडायला केंद्राचं सैन्य शिकागोत उतरवलं. सप्टेंबर निवडण्यात एक सोय होती : हेमार्केटची आठवण टळली. पुढे शीतयुद्धाच्या काळात, १९५८ मध्ये, तिथे १ मेला ‘निष्ठा दिन’ आणि ‘कायदा दिन’ अशी दोन नावं दिली गेली. रिकामी तारीख रिकामी ठेवायची नाही, हे राजकारण्यांना पक्कं माहीत असतं.

सोव्हिएत रशियात उलट. क्रांतीनंतर १ मे राष्ट्रीय सण झाला. लाल चौकात संचलन, मोठमोठी चित्रं, शाळकरी मुलांच्या रांगा. मोर्चा तोच, पण आता सत्तेच्या विरोधात कुणी बोलायचं नव्हतं. सोव्हिएत संघ गेल्यावर १९९२ मध्ये नाव बदललं, वसंत आणि श्रमाचा सण झाला, सुट्टी राहिली.

इटलीत मुसोलिनीने १ मे बंद केला आणि कामगारांचा दिवस २१ एप्रिलला नेला. ती रोम शहराच्या स्थापनेची पारंपरिक तारीख. म्हणजे कामगाराने आपली आठवण सोडून रोमन साम्राज्याची ठेवायची!

सगळ्यात भयंकर गोष्ट जर्मनीतली. तिथल्या संघटना वर्षानुवर्षं मागत होत्या की १ मे पगारी सुट्टी करा. ती कायमची कुणी केली? १९३३ मध्ये हिटलरने. ‘राष्ट्रीय श्रम दिन’ म्हणून. बर्लिनच्या टेम्पलहोफ मैदानावर अवाढव्य सोहळा झाला. संघटनांच्या नेत्यांना वाटलं, जुळवून घेतलं तर आपण वाचू. त्यांनी सदस्यांना सोहळ्याला जायचं आवाहन केलं. दुसऱ्या दिवशी, २ मेच्या सकाळी, वादळी दलाच्या लोकांनी देशभरातल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. पैसे जप्त, नेते अटकेत. काल सुट्टी दिली, आज संघटना संपवली. चोवीस तासांचं अंतर.

फ्रान्समध्येही असंच काहीसं. जर्मन आधिपत्याखालच्या काळात, १९४१ मध्ये, मार्शल पेतँच्या विशी सरकारने १ मे हा श्रम आणि सामाजिक सलोख्याचा दिवस म्हणून जाहीर केला. आणि फूल बदललं. पूर्वी कामगार लाल रानगुलाब लावायचे. आता पांढरं म्युगे, त्या इवल्या घंटांसारख्या फुलांची डहाळी. वसंतात म्युगे द्यायची प्रथा फ्रान्समध्ये जुनीच होती, तीच पुढे केली. युद्धानंतर लोकशाही सरकारने १९४७ मध्ये १ मे पगारी सुट्टी केली. आज तिथे त्या दिवशी रस्त्याच्या कडेला कुणीही म्युगे विकायला बसू शकतो. ती फुलं देणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्या रंगामागे एवढं राजकारण आहे?

धर्मसंस्थाही मागे नव्हती. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे हा संत जोसेफ यांचा, म्हणजे येशूच्या सुतार पित्याचा, ‘कामकरी’ म्हणून सण ठरवला. एका अर्थी हे जुनंच होतं. युरोपात १ मे हा त्याआधी कितीतरी शतकं वसंताचा लोकसण होताच. खांबाला फिती बांधून भोवती नाचायचे. त्यावर कामगारांनी आपला लाल रंग चढवला, मग सरकारांनी आपला, मग चर्चने आपला. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या देवळातल्या शेंदरासारखं. थरावर थर. खालची मूर्ती कुठली, ते खरवडल्याशिवाय दिसत नाही.

ब्रिटनने १९७८ पासून मेच्या पहिल्या सोमवारची सुट्टी दिली. तुर्कस्तानात १९७७ च्या मे दिनाला इस्तंबूलच्या ताक्सिम चौकात गोळीबार आणि चेंगराचेंगरीत तीसहून अधिक माणसं मेली. लष्करी उठावानंतर सुट्टीच रद्द झाली, ती परत मिळाली २००९ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तर अगदी अलीकडे एका सरकारने कामगार दिन मेमधून ऑक्टोबरमध्ये नेला आणि पुढच्या सरकारने २०१६ पासून परत मेमध्ये आणला. तेव्हा कॅलेंडरवरची लाल अक्षरं आपोआप छापली जात नाहीत, एवढं तरी यातून लक्षात यावं.

मुंबईचा रविवार

आता घरी येऊ.

१८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत काय स्थिती होती? उजाडलं की भोंगा, अंधार पडला की सुट्टी. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त. आठवड्याची सुट्टी नाही. वर्षातले मोजके सण, आणि यंत्रसामग्रीच्या साफसफाईसाठी गिरणी थांबली तर ती ‘सुट्टी’, तीही बहुधा साफसफाईतच जायची. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा होता, पण तो मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त काम नको आणि महिन्यातून चार सुट्ट्या. सात वर्षांचं मूल, आणि नऊ तास! आणि हा संरक्षण देणारा कायदा. मोठ्या माणसांसाठी, बायकांसाठी काहीच नाही.

या परिस्थितीत एक माणूस उभा राहिला : नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. काही काळ गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, म्हणजे आतून पाहिलेले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेलं ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून ते मुंबईतून चालवत होते. १८८४ मध्ये सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या? ऐका : दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अधू झाला तर पोटापाण्याची सोय.

आठ तासांचा त्यात उल्लेख नाही. शिकागोचा कामगार आठ तास मागत होता, तेव्हा मुंबईचा कामगार म्हणत होता, निदान सूर्य मावळल्यावर तरी सोडा. दोन्ही मागण्या एकाच काळातल्या. त्यांच्यातलं अंतर हे गुलाम देश आणि स्वतंत्र देश यांच्यातलं अंतर आहे.

रविवारच का? साहेबाचा रविवार चर्चचा होता, त्याच्या कचेऱ्या बंद असायच्या. पण आपल्याकडेही रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या कामगाराच्या घरात जेजुरीचा देव असणारच. लोखंड्यांनी हाही दाखला दिला असं सांगितलं जातं. म्हणजे इंग्रजांचा दिवस उसना घेतला असं कुणी म्हणायला नको. शिवाय एक दिवस स्वतःचा, आणि एक दिवस समाजाच्या कामासाठी, ही सत्यशोधक दृष्टीही त्यामागे होती.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. फॅक्टरी कायद्यांना त्या काळात आपल्या राष्ट्रवादी वृत्तपत्रांतूनही कडाडून विरोध झाला, ‘केसरी’तूनसुद्धा. कारण काय, तर हे कायदे व्हावेत म्हणून मँचेस्टर आणि लँकेशायरचे गिरणीमालक विलायतेत दबाव आणत होते. मुंबईचं स्वस्त कापड त्यांना नडत होतं. तेव्हा कायदा हा देशी धंदा बुडवायचा डाव आहे, असा युक्तिवाद होता. आणि लँकेशायरचा स्वार्थ खोटा नव्हता, तो खरोखरच होता! पण लोखंड्यांचा प्रश्न वेगळा होता. दोन मालकांच्या भांडणात सात वर्षांच्या मुलाचं काय? देश मोठा, हे मान्य. पण त्या देशात गिरणीतली बाई येते की नाही?

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत लोखंड्यांच्या पुढाकाराने सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार आले. दोन स्त्री-कामगारांनी भाषणं केली. त्या काळात जाहीर सभेत बाईने बोलणं ही केवढी गोष्ट, आणि तीही गिरणीतल्या बाईने. सभेने साप्ताहिक सुट्टीची मागणी केली आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारच्या सुट्टीचा ठराव केला. पुढच्या वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली.

आता तारखा शेजारी ठेवा. मुंबईची सभा २४ एप्रिल. बरोबर सात दिवसांनी युरोपातला पहिला मे दिन. त्यानंतर तीन दिवसांनी लंडनचा मोर्चा, जो रविवारी काढला, कारण लंडनच्या कामगाराला रविवार होता. मुंबईच्या कामगाराला मोर्चा काढायलाही रविवार नव्हता. त्याला आधी तो मिळवायचा होता. या दोन चळवळींचा एकमेकींशी संबंध नव्हता. पॅरिसचा ठराव वाचून कुणी मुंबईत सभा भरवली नाही. गिरणीचा भोंगा सगळीकडे सारखा वाजतो, म्हणून उत्तरंही सारखी निघतात.

आणि आठ तास? ते आपल्याकडे कधी आले? १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद झाली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे गेले होते. परिषदेने जगासाठी आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा मान्य केला. ब्रिटिश भारतासाठी मात्र वेगळं कलम : ६० तासांचा आठवडा. १९२२ मध्ये आपल्या कायद्यात साठ तास आले, १९३४ मध्ये चोपन्न, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस. म्हणजे शिकागोची मागणी मुंबईपर्यंत यायला साठ वर्षं लागली.

लाल बावटा आणि नवं राज्य

भारतातला पहिला मे दिन १९२३ चा, मद्रासमधला. सिंगारवेलू चेट्टियार यांनी समुद्रकिनाऱ्यावर सभा घेतली, आणि १ मेला सुट्टी द्या अशी मागणी केली. त्यांनीच त्या दिवशी लेबर किसान पक्षाची स्थापना केली. पुढे मुंबईच्या गिरणगावात मे दिन रुजला तो गिरणी कामगारांच्या मोठ्या संपांच्या काळात.

आणि मग १९६०. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरणगाव रस्त्यावर होतं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, पंधरा जण गेले. आंदोलन संपेपर्यंत हा आकडा शंभरावर गेला. हुतात्मा चौकातली नावं कधी थांबून वाचा. शाई सुकलेल्या सरकारी यादीसारखी ती वाचू नका. त्यात गिरणीतले, गोदीतले, रस्त्यावरचे कितीतरी कष्टकरी आहेत. १ मे १९६० ला राज्य झालं. त्याच दिवशी गुजरातही झाला. तेव्हापासून आपल्या कॅलेंडरच्या त्या चौकटीत दोन नावं आहेत, आणि दोन्ही नावांखाली बऱ्याच प्रमाणात तीच माणसं आहेत.

झालं असं की सरकारी सोहळ्यात एक नाव मोठं झालं आणि दुसरं लहान. गिरण्या गेल्या, १९८२ च्या संपानंतर तर झपाट्याने गेल्या. भोंगा थांबला. ज्या जागी दहा हजार हातांचं काम होतं तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि १ मेला त्या इमारतींतल्या कचेऱ्या बंद असतात. पण खाली फाटकावर सुरक्षारक्षक असतो. बारा तासांच्या पाळीवर. जेवण घेऊन येणारा मोटरसायकलवाला असतो, सुट्टीमुळे त्या दिवशी त्याच्या ऑर्डरी वाढलेल्या. घरकाम करणारी बाई असते, जिच्या रविवारबद्दल घरोघरी अजून घासाघीस चालते. १८८४ च्या निवेदनातल्या मागण्या यांच्यापुढे वाचून दाखवल्या तर त्यांना त्या जुन्या वाटणार नाहीत. वेळेवर पगार. जखमी झालं तर पगार. आठवड्यातून एक दिवस.

आज व्याख्यानानंतर एका श्रोत्याने प्रश्न विचारायचं आधीच चिठ्ठीवर लिहून दिलं आहे, ते घेतो आणि थांबतो. प्रश्न असा आहे : ‘सुट्टीचा अर्थ लोक विसरले, तर ती सुट्टी ठेवायची कशाला?’

माझं उत्तर साधं आहे. अर्थ विसरला तरी दिवस उरतो, आणि दिवस उरला तर अर्थ परत शोधता येतो. जर्मनीत हिटलरने दिलेली सुट्टी युद्धानंतर कामगार संघटनांनी परत आपली केली. फ्रान्समध्ये पेतँचं नाव गळून पडलं, सुट्टी टिकली. दिवसच काढून घेतला असता तर शोधायला काही उरलं नसतं. येत्या रविवारी सकाळी उशिरा उठाल, दुसरा चहा घ्याल, तेव्हा एवढंच करा. घरातल्या लहान मुलाला विचारा, रविवारी सुट्टी का असते? तो म्हणेल, असतेच. मग त्याला लोखंड्यांची गोष्ट सांगा. आणि त्या सभेत बोललेल्या दोन बायकांचीही.